नवा प्रशिक्षक आला, पण संघ सुधारला का? रग्बी पाहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा-दिग्रस भागातल्या शाळांच्या मैदानांवर आता रग्बीचा चेंडू दिसू लागला आहे. पोरं-पोरी संध्याकाळी खेळतात, रात्री मोबाईलवर देशोदेशींचे सामने पाहतात आणि कुठल्याही राष्ट्रीय संघाला नवा प्रशिक्षक मिळाला की दुसऱ्या दिवशी प्रश्न घेऊन हजर होतात. पालकही विचारतात, इतर शाळांचे क्रीडाशिक्षकही विचारतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न पोरांनी विचारले तसेच ठेवले आहेत.

"सर, संघ हरला तरी तुम्ही 'बरे खेळले' काऊन म्हणता? निकालच पाहाचा ना?"

निकाल पाहायचाच. पण नव्या प्रशिक्षकाच्या पहिल्या काही महिन्यांतले निकाल बहुतेक वेळा आधीच्या माणसाने मागे ठेवलेल्या संघाबद्दल सांगतात. म्हणून हरले की जिंकले याच्या जोडीला किती फरकाने, कुणाशी, कुणाच्या मैदानावर आणि कितव्या मिनिटापर्यंत टिकून, हेही विचारावं लागतं.

जपानचं उदाहरण मी पोरांना नेहमी देतो. एडी जोन्स यांनी २०१२ मध्ये जपानचा संघ हाती घेतला, तेव्हा विश्वचषकातलं जपानचं खातं अगदी वाईट होतं. १९८७ ते २०११ या काळात २४ सामने, त्यांत एकच विजय, तोही १९९१ मध्ये झिम्बाब्वेवर. दोन सामने बरोबरीत सुटले, बाकी सगळे हरले. १९९५ मध्ये न्यूझीलंडने त्यांना १४५-१७ असं धुतलं होतं. जोन्स आले आणि पहिल्याच वर्षी पॅसिफिक नेशन्स कपमधले तिन्ही सामने गेले. फिजीकडून १९-२५, टोंगाकडून २०-२४, सामोआकडून २६-२७. नुसता गुणतक्ता पाहणारा म्हणेल की नवा माणूस आणून काहीच बदललं नाही.

आता तेच आकडे नीट वाचा. सहा गुणांनी, चार गुणांनी, एका गुणाने. अंगापिंडाने आपल्याहून कितीतरी दांडग्या तीन संघांशी जपान शेवटपर्यंत भिडून होता, एकदाही कोसळला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी रोमानिया आणि जॉर्जियाला त्यांच्याच देशात जाऊन हरवलं. २०१३ मध्ये टोकियोत वेल्सला २३-८, २०१४ मध्ये इटलीला २६-२३. आणि १९ सप्टेंबर २०१५ ला इंग्लंडमधल्या ब्रायटनला दोनदा विश्वविजेत्या ठरलेल्या दक्षिण आफ्रिकेला ३४-३२. जगाला तो चमत्कार वाटला. २०१२ मधल्या त्या तीन पराभवांपासून हा संघ पाहत आलेल्यांना त्यामागची वाट दिसत होती.

मग प्रशिक्षकाला किती वेळ द्यायचा?

माझं मत दोन पूर्ण मोसम. त्याआधी मत जरूर बनवा, पण पेन्सिलने लिहा.

दक्षिण आफ्रिकेकडे पाहा. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये ते इटलीकडून हरले, १८-२०. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये न्यूझीलंडने त्यांना ५७-० असं झोडपलं. २०१८ मध्ये रासी इरास्मस आले. त्या वर्षी संघाने १४ सामने खेळले, ७ जिंकले, ७ हरले. बरोबर निम्मे. कुठलाही चाहता यावर खूष होणार नाही. पण त्याच वर्षी त्यांनी वेलिंग्टनला जाऊन न्यूझीलंडला ३६-३४ हरवलं, सिया कोलिसीला कर्णधार केलं आणि नव्या खेळाडूंना मोठ्या सामन्यांत उतरवून तावून-सुलाखून घेतलं. पुढच्याच वर्षी योकोहामाला अंतिम सामन्यात इंग्लंडला ३२-१२ हरवून ते विश्वविजेते झाले.

एक बारकावा इथे सुटू नये. विश्वचषक चार वर्षांनी येतो. प्रशिक्षक त्याच्या एक वर्ष आधी आला की तीन वर्षं आधी आला, यावर त्याचं काम बदलतं. तीन वर्षं हातात असणारा माणूस मुद्दाम कोवळे खेळाडू उतरवून काही सामने हरायची तयारी ठेवतो. एकच वर्ष असेल तर त्याला हाती असलेल्यांतूनच संघ बांधावा लागतो. दोघांना एकच माप लावणं अन्यायाचं आहे.

"नवीन कोच आला अन् लगेच जिंकाले लागले. मंग तो भारीच ना?"

असेलही. पण थोडं थांबा. नवा माणूस आला की सगळ्यांनाच आपली जागा पुन्हा कमवावी लागते, संघाबाहेर बसलेल्यांच्या आशा जाग्या होतात, सरावात जोर येतो. त्या जोरावर दोन-चार सामने निघतात. समोरच्या संघांनाही नवी चाल ओळखायला वेळ लागतो. एकदा त्यांनी व्हिडिओ पाहून तोड काढली की खरी परीक्षा सुरू होते. दुसऱ्या मोसमात तोच संघ त्याच प्रतिस्पर्ध्यांशी कसा खेळतो, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

वेल्सचे वॉरेन गॅटलंड हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. २००७ च्या विश्वचषकात वेल्स फिजीकडून ३४-३८ हरून साखळीतच बाहेर पडला होता. गॅटलंड आले आणि २००८ मध्ये पहिल्याच सिक्स नेशन्समध्ये (युरोपातल्या सहा देशांची दरवर्षीची स्पर्धा) पाचही सामने जिंकले, म्हणजे ग्रँड स्लॅम. २०१२ आणि २०१९ मध्ये पुन्हा ग्रँड स्लॅम, शिवाय २०११ आणि २०१९ मध्ये विश्वचषकाची उपांत्य फेरी. मग ते गेले, आणि २०२२ च्या अखेरीस परत आले. माणूस तोच, अनुभव उलट वाढलेला. २०२४ मध्ये वेल्सने ११ कसोटी सामने (रग्बीत देशादेशांतल्या सामन्यांना असंच म्हणतात) खेळले आणि अकराही हरले. २०२५ च्या फेब्रुवारीत, सिक्स नेशन्स अर्ध्यावर असताना, गॅटलंड यांना जावं लागलं. पराभवांची मालिका १८ सामन्यांपर्यंत लांबली आणि त्या जुलैत जपानमधल्या कोबेला ३१-२२ असा विजय मिळाला, तेव्हा कुठे ती तुटली.

गॅटलंड पंधरा वर्षांत रग्बी विसरले असं कोण म्हणेल? पहिल्या वेळी त्यांच्या हाताशी घडलेल्या खेळाडूंची एक पूर्ण पिढी होती. दुसऱ्या वेळी ॲलन विन जोन्स, डॅन बिगर यांच्यासारखे एकेक करून निवृत्त झालेले, आणि खालचे प्रादेशिक संघ पैशांच्या ओढाताणीत सापडलेले. प्रशिक्षकाचं मोजमाप करताना त्याला काय मिळालं होतं हे आधी लिहा, मग त्याने काय केलं ते लिहा.

विदर्भाला चंद्रकांत पंडितांनी पहिल्याच मोसमात रणजी करंडक मिळवून दिला की. मग रग्बीलाच एवढा वेळ का लागतो?

हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, आणि यायलाच हवा. २०१७-१८ मध्ये पंडित विदर्भाचे प्रशिक्षक झाले, फैज फजलच्या नेतृत्वाखाली इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भाने पहिला रणजी करंडक उचलला. त्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने हॅटट्रिक घेतली होती. पुढच्या वर्षी पुन्हा करंडक, नागपुरात, सौराष्ट्राविरुद्ध. पंडितांची शिस्त आणि धाक याचं श्रेय त्यांना शंभर टक्के आहे.

पण शेत आधीच नांगरून तयार होतं. विदर्भ त्याआधीच्या काही मोसमांत बाद फेरीपर्यंत पोचला होता. अकादमीतून पोरं तयार होत होती. उमेश यादव भारताकडून खेळत होता, आणि वसीम जाफरसारखा माणूस ड्रेसिंग रूममध्ये बसलेला होता. २०२४-२५ मध्ये विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी जिंकली, तेव्हा पंडित नव्हते. पाया पक्का होता याचा याहून चांगला पुरावा मला सापडत नाही. प्रशिक्षक गेल्यावर संघाचं काय होतं, हेही त्या प्रशिक्षकाच्या कामाचंच मोजमाप आहे.

जागतिक क्रमवारीवरून प्रगती कळते का?

थोडीफार. वर्ल्ड रग्बीची क्रमवारी २००३ पासून सुरू आहे आणि तिचा हिशोब सरळ आहे. प्रत्येक सामन्यात एक संघ क्रमवारीचे जेवढे गुण कमावतो तेवढेच दुसरा गमावतो. आपल्यापेक्षा वरच्याला हरवलं तर जास्त मिळतात. घरच्या मैदानाचा फायदा म्हणून यजमान संघाच्या गुणांत हिशोबापुरते ३ गुण मिळवले जातात. सामना १५ पेक्षा जास्त गुणांच्या फरकाने जिंकला तर देवाणघेवाण दीडपट, विश्वचषकात दुप्पट. आणि क्रमवारीत दोन संघांत १० गुणांहून जास्त अंतर असेल तर वरच्याने जिंकूनही त्याच्या पदरात काही पडत नाही.

म्हणून स्थानापेक्षा गुण पाहा. चार संघ एकमेकांना चिकटून असतील तर एका विजयाने संघ तीन पायऱ्या चढतो आणि पुढच्या शनिवारी पुन्हा उतरतो. त्यात प्रगती काहीच नसते. शिवाय ही क्रमवारी पंधरा खेळाडूंच्या रग्बीची आहे, सात खेळाडूंच्या सेव्हन्सची नाही. भारताबद्दल बोलताना ही गल्लत फार होते.

सामना पाहताना नेमकं काय लिहून ठेवायचं?

हे काम पोरांना मनापासून आवडतं. महागडं ॲप लागत नाही. दोनशे पानी वही, एक पेन, आणि मोबाईल उभा ठेवायला पाण्याची बाटली. आमच्याकडे नेटवर्क शाळेच्या व्हरांड्याच्या एकाच टोकाला नीट येतं, त्यामुळे सगळे तिथेच दाटीवाटीने बसतात. प्रत्येकाकडे एक रकाना. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, अशी मोजणी.

पहिला रकाना दिलेल्या पेनल्टींचा, म्हणजे आपण पाहतोय त्या संघाने नियम मोडून प्रतिस्पर्ध्याला किती वेळा फुकट चेंडू दिला. २०१९ च्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या हँड्रे पोलार्डने एकट्याने २२ गुण केले. सहा पेनल्टी किक, प्रत्येकी तीन गुणांच्या, आणि दोन कन्व्हर्जन, म्हणजे ट्रायनंतरची दोन गुणांची किक. (समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय.) म्हणजे १८ गुण इंग्लंडच्या चुकांवर आले. प्रशिक्षक शिस्त लावू शकतो की नाही, हे या रकान्यात सगळ्यात आधी दिसतं, कारण शिस्तीला नवी प्रतिभा लागत नाही. चार-पाच महिन्यांत हा आकडा खाली आला नाही, तर मी काळजी करू लागतो.

दुसरा रकाना लाइनआउटचा. चेंडू बाहेर गेल्यावर दोन रांगा उभ्या राहतात आणि रांगेतल्या एका खेळाडूला वर उचलून चेंडू घेतला जातो. आपण फेकलेल्या चेंडूंपैकी किती आपल्याच हाती आले, ते लिहायचं. नववीतली एक मुलगी हा रकाना सांभाळते. तिने नुसत्या रेघा मारल्या नाहीत, कोणाच्या दिशेने फेकला तेही लिहिलं, आणि मध्यंतराला म्हणाली, "सर, हे मागे फेकतच नाहीत. सगळे पुढच्यालेच देतात." एका वाक्यात तिने त्या संघाचं दुखणं सांगितलं. पुढच्या खेळाडूला फेकलेला चेंडू सुरक्षित असतो, पण तिथून हल्ला उभा करणं अवघड जातं. मागे फेकायला आत्मविश्वास लागतो आणि भरपूर सराव लागतो. पुढच्या मोसमात तोच संघ मागे फेकायला लागला, तर समजावं की कुणीतरी घाम गाळला आहे. टीव्हीवरच्या आकडेवारीत दोन्ही 'जिंकलेला लाइनआउट' असाच मोजला जातो. वही त्यापेक्षा जास्त सांगते.

तिसरा रकाना, प्रतिस्पर्ध्याच्या बावीस मीटरच्या रेषेच्या आत किती वेळा शिरले आणि दर वेळी किती गुण घेऊन परतले. दहा वेळा आत जाऊन दहा गुण आणणारा संघ आणि पाच वेळा जाऊन वीस गुण आणणारा संघ, यांत प्रशिक्षकाचा फरक असतो. आत शिरणं ताकदीने जमतं. तिथे डोकं शांत ठेवून ट्राय काढायला ठरवून केलेला सराव लागतो.

चौथा रकाना मला सर्वांत प्रिय आहे, शेवटची वीस मिनिटं. साठाव्या मिनिटाला गुणफलक काय होता आणि ऐंशीव्याला काय. हरणारे संघ बहुतेक इथेच हरतात. पाय जड होतात, टॅकल (चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं) उंच होतो, कार्ड मिळतं. जोन्स यांनी जपानच्या खेळाडूंना पहाटे पाच वाजल्यापासून राबवलं ते या वीस मिनिटांसाठी. इरास्मस यांनी राखीव आठ जणांत सहा धिप्पाड फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतले खेळाडू, ठेवले आणि दुसऱ्या अर्ध्यात त्यांना एकदम सोडलं. 'बॉम्ब स्क्वॉड' म्हणून ते गाजले. २३ जणांच्या संघातला शेवटचा माणूसही तयार आहे का, हे तिथे कळतं.

आणि वहीच्या तळाशी एक ओळ मोकळी ठेवा. त्या सामन्यात वेगळं काय घडलं ते लिहायला. उदाहरणार्थ, २०१९ च्याच अंतिम सामन्यात इंग्लंडचा प्रॉप, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेतला खेळाडू, काइल सिंकलर सुरुवातीच्या मिनिटांतच जखमी होऊन बाहेर गेला आणि त्यांचा स्क्रम (दोन्ही संघांचे फॉरवर्ड एकमेकांत गुंतून चेंडूसाठी रेटतात तो) दिवसभर मोडत राहिला. हे न लिहिता नुसते आकडे वाचले तर निष्कर्ष चुकतो.

चुकलेले टॅकल मोजायचे का? चेंडू कुणाकडे जास्त वेळ होता ते?

मोजा, पण त्यावर फार विसंबू नका. पुढे झेपावून बचाव करणाऱ्या संघाचे टॅकल जास्त चुकतात, कारण ते धोका पत्करून समोरच्याला घाई करायला लावतात. तसंच चेंडू जास्त वेळ जवळ असणारा संघ जिंकतोच असं नाही. बरेच चांगले संघ मुद्दाम लांब किक मारून चेंडू समोरच्याच्या गळ्यात टाकतात आणि त्याच्या चुकीची वाट पाहतात.

"सर, जपाननं वेल्सले हरवलं तेव्हा वेल्सचे खरे खेळाडू नव्हते म्हन्तात. मंग तो विजय धराचा का नाही?"

धरायचा, पण पूर्ण वजनाने नाही. २०१३ च्या त्या दौऱ्याच्या वेळी वेल्सचे आघाडीचे खेळाडू ब्रिटिश आणि आयरिश लायन्स या इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या संघाबरोबर ऑस्ट्रेलियात होते. तरीही जपानने त्यांना केवळ ८ गुणांवर रोखलं, आणि बचाव ही गोष्ट समोर कोण आहे याच्यापेक्षा आपण काय करतो यावर जास्त अवलंबून असते. मी तो विजय अर्धा धरतो आणि दिलेले ८ गुण पूर्ण धरतो.

चांगला खेळ प्रशिक्षकामुळे झाला की खेळाडूंमुळे, हे वेगळं काढता येतं का?

पूर्ण नाही. पण एक क्षण सांगतो. ब्रायटनचा तोच सामना, वेळ संपलेली, जपान २९-३२ मागे. पेनल्टी मिळाली. ती गोलात मारली असती तर तीन गुण, सामना बरोबरीत, आणि तेवढंही जपानसाठी इतिहास ठरलं असतं. वर बसलेल्या जोन्स यांनाही किकच हवी होती. कर्णधार मायकेल लीचने स्क्रम मागितला. काही मिनिटांनी कार्ने हेस्केथने कोपऱ्यात ट्राय टाकला.

प्रशिक्षकाचं न ऐकता घेतलेला निर्णय, आणि तरी मी तो प्रशिक्षकाच्याच खात्यात मांडतो. तीन वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेसमोर स्क्रम मागायची हिंमत कुठल्या जपानी कर्णधाराला झाली असती? मैदानावरच्या पोरांना स्वतः ठरवता येऊ लागलं, तर शिकवणं अंगात मुरलं. जो संघ दर थांब्याला बाहेरच्या माणसाकडे पाहतो, तो अजून कच्चा आहे.

आपल्या भारताच्या संघाला हीच मापं लावायची का?

काही लावायची, काही बदलायची.

भारत मुख्यतः आशियातल्या स्पर्धांत खेळतो आणि जास्त भर सेव्हन्सवर असतो, कारण २०१६ पासून ऑलिम्पिकमध्ये सेव्हन्स आहे. हे सामने १४ मिनिटांचे. एक चेंडू हातातून पुढे निसटला की समोरचा थेट ट्राय लाइनपर्यंत पळतो. त्यामुळे एका सामन्याच्या निकालावर प्रशिक्षकाला तोलणं चुकीचं आहे, पूर्ण स्पर्धेचे दोन-तीन दिवस एकत्र पाहावेत. सेव्हन्समध्ये ट्राय करणारा संघच पुन्हा किक मारून खेळ सुरू करतो, म्हणून ती किक हवेत झेलून परत मिळवणं फार मोलाचं. भारताचा सामना पाहाल तेव्हा या एका गोष्टीचा रकाना जरूर करा. फिजीचे वैसाले सेरेवी, ज्यांच्या नावावर १९९७ आणि २००५ चे सेव्हन्स विश्वचषक आहेत, ते २०२४ मध्ये भारताच्या सेव्हन्स संघांचे मुख्य प्रशिक्षक झाले. एवढा मोठा माणूस आला म्हणजे पदकं लगेच येतील, असं अनेकांना वाटलं. पण राष्ट्रीय प्रशिक्षकाला खेळाडू शिबिरापुरते मिळतात. बाकीचे महिने ती पोरं आपापल्या गावी, नोकरीवर, लष्करात किंवा वसतिगृहात असतात. तिथे त्यांच्या हाती काय पडतं, ते सेरेवींच्या हातात नाही.

मुलींच्या संघाकडे मात्र अभिमानाने पाहावं. भारतीय महिलांचा पंधरा जणींचा संघ पहिल्यांदा २०१८ मध्ये सिंगापूरला आंतरराष्ट्रीय सामने खेळला, आणि हरला. वर्षभराने, २०१९ मध्ये, मनिलाला त्याच सिंगापूरच्या संघाला त्यांनी २१-१९ हरवलं. शेवटच्या मिनिटांत सुमित्रा नायकने पेनल्टी मारली, तो पंधरा जणींच्या रग्बीतला भारताचा पहिला विजय. प्रतिस्पर्धी तोच आणि मधे एक वर्ष, अशी तुलना क्वचित मिळते. जिथे मिळेल तिथे ती पकडून ठेवा, कारण त्यात सबबींना जागा कमी असते.

सुमित्रा ओडिशातल्या आदिवासी मुलांच्या निवासी शाळेत वाढली. स्वीटी कुमारी बिहारच्या बाढ भागातून आली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये बिहारमधल्या राजगीरला वीस वर्षांखालच्यांची आशियाई सेव्हन्स स्पर्धा झाली आणि भारताच्या मुलींनी कांस्यपदक घेतलं. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला, तिथे आपले खेळाडू ऑलिम्पिक खेळलेल्यांच्या बरोबरीने उतरले. राष्ट्रीय संघ पुढे गेला का, हे मी आता असं पाहतो: संघाच्या यादीत नवी गावं, नवे जिल्हे येतात का? पाच वर्षांपूर्वी यादीत नसलेल्या भागातल्या पोरी आज भारताची जर्सी घालत असतील, तर त्या मोसमाचे दोन-चार पराभव मला तितके जाचत नाहीत. विदर्भातल्या खेड्यांचं नाव त्या यादीत कधी येईल, हा प्रश्न मला रोज छळतो.

"कबड्डी, कुस्ती, शंकरपट हाय ना आपल्याकडे. हा बाहेरचा खेळ कायले?"

कबड्डी खेळणारी पोरं आमच्या रग्बीचा कणा आहेत. मांडीला धरून खाली आणायची त्यांची सवय टॅकलमध्ये थेट कामी येते. आणि रग्बीचा भारताशी संबंध जुना आहे. कलकत्त्यातला क्लब बंद झाला तेव्हा सभासदांनी शिल्लक चांदीचे रुपये वितळवून एक करंडक घडवला आणि १८७८ मध्ये इंग्लंडच्या रग्बी संघटनेला दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्या 'कलकत्ता कप'साठी खेळतात. उलट बाजूने, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ जगाला दाखवले. खेळ दोन्ही दिशांनी प्रवास करतात.

आमच्या शाळेच्या टीमला नवे सर आलेत. त्यांनाही असंच तोलायचं का?

नाही. कृपा करून नाही. गावच्या टीममध्ये बाराही महिने एकसारखी पोरं नसतात. दिवाळीनंतर कापसाची वेचणी लागली की निम्मी पोरं आईबरोबर वावरात जातात. मैदान मुरमाचं, पडलं की कोपर सोलून निघतो, म्हणून पावसानंतर जमीन मऊ असेपर्यंतच टॅकल नीट शिकवता येतो. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या घरात गेला की पहाटेशिवाय सराव अशक्य. अशा टीमचा तालुक्यातला निकाल त्या सरांबद्दल जवळपास काहीच सांगत नाही.

तिथे वेगळं पाहा. वेचणी संपल्यावर किती पोरं मैदानावर परत आली? मुलींची टीम दुसऱ्या वर्षीही उभी राहिली का? पडलेल्या पोराला उचलायला समोरच्या टीमचं पोर धावतं का? टॅकल करताना डोकं कुठे ठेवायचं हे सगळ्यात लहान खेळाडूला माहीत आहे का? शेवटचा प्रश्न तर पालकांनी सरांना तोंडावर विचारावा. ज्या सरांची पोरं डोकं चुकीच्या बाजूला ठेवून भिडतात, त्यांनी जिल्हा जिंकला तरी मी माझं पोर त्यांच्याकडे पाठवणार नाही.

प्रशिक्षक बदलायला हवा, असं कधी म्हणायचं?

पराभवांची संख्या पाहून नाही. मी तीन खुणा पाहतो. त्याच चुका मोसमामागून मोसम त्याच जागी होत आहेत का, खेळाडू मैदानावर एकमेकांवर हात झटकू लागलेत का, आणि संघ निवडीला काही धागा आहे की दर महिन्याला वेगळाच प्रयोग.

एडी जोन्स यांनाच पुन्हा घ्या. २०२३ मध्ये ते ऑस्ट्रेलियाकडे आले. नऊ कसोटी सामने, दोन विजय. विश्वचषकात फिजीकडून १५-२२, वेल्सकडून ६-४०, आणि ऑस्ट्रेलिया इतिहासात पहिल्यांदा साखळीतच बाहेर. त्यांनी अनुभवी खेळाडू घरी ठेवून तरुण नेले होते, आणि तो विचार मुळात वाईट नव्हता. पण विश्वचषकाला जेमतेम आठ महिने असताना केलेला तो प्रयोग पोरांच्या खांद्यांना झेपला नाही. जपानमध्ये ज्यांनी धीर धरला, त्यांनी इथे घाई केली. त्याच वर्षाच्या अखेरीआधी ते पद सोडून गेले.

पुढचा मोठा सामना कोणता पाहायचा? रात्री जागावं लागेल का?

पुढचा पुरुषांचा विश्वचषक २०२७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियात आहे, पहिल्यांदाच २४ संघांचा. ऑस्ट्रेलियातली संध्याकाळ म्हणजे आपली दुपार, त्यामुळे जागरण नाही. सिडनीत रात्री आठला सुरू होणारा सामना आपल्याकडे अडीच वाजता दिसेल. तोवर सिक्स नेशन्स दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये असतं, ते रात्री उशिरापर्यंत चालतं. नव्या प्रशिक्षकाचा एक संघ निवडा, त्याचे सगळे सामने पाहा, आणि वहीचं पहिलं पान आजच आखा. शाळेत येणार असाल तर मोबाईल पूर्ण चार्ज करून आणा, व्हरांड्यात प्लग एकच आहे.